साक्षीदार क्रमांक सात

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, सैन्याच्या पॅराशूट पॅकिंग शेडचा निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना विचारावं. कालच त्यांनी माझ्याकडून शंभरापासून उलटे आकडे म्हणून घेतले, लहान पोरासारखे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असलाच तर एकाचा आहे, तो कलम सहामध्ये येईल.

१. राहतं घर, मागच्या खोलीसकट, माझ्या नातीला द्यावं. मुलीची याला हरकत नाही. तिला स्वतःचं घर आहे, आणि माझ्या जिन्याला ती पहिल्यापासून नावं ठेवते. नात सैन्यात हेलिकॉप्टर दुरुस्त करते. तिची जोडीदारही सैन्यातलीच, तोफखान्यातली मुलगी. दोघी सुटीला येतात, मागच्या खोलीत राहतात, आणि सगळ्या तुकडीला ते माहीत आहे. कोणाचं काही अडत नाही. हेलिकॉप्टरं उडतात, तोफाही चालतात.

२. बँकेतली शिल्लक आणि शिलाईचं यंत्र मुलीला. यंत्राला तेल घालत जा गं, नुसतं कापड टाकून झाकून ठेवू नकोस.

३. ड्रिल मशीन मेहुण्याला. ते बारा वर्षं त्याच्याकडेच आहे, तेव्हा त्याला ने-आण करण्याचाही त्रास नाही.

४. माझी उडीवही, म्हणजे मारलेल्या उड्यांची नोंदवही. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

माझ्या शेडमध्ये एक पॅकर होता. पॅराशूटची घडी अशी घालायचा की सगळे त्याला घडीमास्तरच म्हणत. प्रमुख म्हणून मलाही ठरावीक उड्या माराव्या लागत, पण फळीवरून कुठलं पॅराशूट उचलायचं याची मला मुभा होती. मी दर वेळी त्याचंच उचललं. वहीत एक्केचाळीस उड्या आहेत आणि पॅकरच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा त्याची सही आहे. हे मी कधी कोणाला बोललो नाही, त्यालाही नाही.

समलिंगी माणसांनी ओळख न लपवता सैन्यात राहावं की नाही, हे ठरवायला तेव्हा सरकारने समिती नेमली. घडीमास्तर आपणहून समितीपुढे गेला. मी समलिंगी आहे, म्हणाला, आता माझं काम बघा. काम कसं आहे ते कोणाला विचारू, असं त्यांनी म्हटल्यावर त्याने माझं नाव दिलं. नंतर शेडमध्ये येऊन मला म्हणाला, "साहेब, खरं तेवढंच सांगा. जास्त काही नको."

"ते काय सांगायला हवं?" मी म्हणालो.

समितीत पाच जण होते आणि बाजूला आमचे मोठे साहेब टेबलावर पेन वाजवत बसले होते. एकाने विचारलं, "त्याने पॅक केलेलं पॅराशूट पाठीला बांधून तुम्ही उडी माराल?" मनात आलं, हो म्हटलं तर हे म्हणतील, एवढा भरवसा? म्हणजे याचंही तसलंच काही आहे की काय? मी म्हणालो, "नाही." तेवढ्यावर तरी थांबायचं! पण नाही. वर आणखी म्हणालो, "कोणीच मारणार नाही."

घडीमास्तरला आठवड्याच्या आत काढलं. अहवालात साक्षीदारांची नावं छापली नव्हती, नुसते क्रमांक होते. माझा सातवा. पुढे चौदा वर्षं, कायदा बदलेपर्यंत, जो उठेल तो माझं वाक्य म्हणून दाखवायचा: खुद्द पॅकिंग शेडचा माणूस सांगतो आहे! तेवढ्या काळात किती जणांना घरी पाठवलं तो आकडा मला पाठ आहे. इथे लिहायला हात धजत नाही. बायको होती तोवर म्हणायची, "अहो, एक पत्र तरी टाका त्याला." मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचो.

५. मी शपथेवर सांगतो की माझी ती साक्ष खोटी होती. हे कलम सरकारात द्यावं, छापायचं तर नावासकट छापावं.

६. गेल्या सुटीत नात जेवणाच्या टेबलावर तो अहवाल वाचत होती, तिला कसलंसं भाषण करायचं होतं. म्हणाली, "आजोबा, हा साक्षीदार सात ऐका. कुठल्या बिळातला असेल हो हा?" तिची जोडीदार हसली. मी म्हणालो, "मीठ दे."

तिला हे माझ्या मृत्यूनंतर बंद पाकिटातून कळावं, असं मी इथे लिहिलं होतं. ते आज खोडलं आहे.

त्याचं असं झालं. उडीवही घडीमास्तरला द्यायची म्हणून मी त्याला बोलावून घेतलं. तो हल्ली दुकानांच्या ताडपत्र्या शिवतो. आला, बसला, वही शेवटपर्यंत चाळली आणि परत माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "मला नको. साक्षीदार कमी पडत असेल तर सही करतो." मग त्याने हा कागद वाचायला घेतला आणि पाकिटाशी थांबला.

"मेल्यावर सांगणार?"

"तोंड नाही रे मला."

"आणि तिने भांडायचं कोणाशी? फोटोशी? मला तरी भांडायला समोर कोण होतं?"

मी पेन त्याच्यापुढे सरकवलं. हे बदलल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाला. म्हणून त्याच्यादेखत नातीला फोन लावला आणि सांगितलं, साक्षीदार सात मी आहे. ती मग म्हणाली, "तुम्ही मीठ मागितलंत, आजोबा." आणि फोन ठेवला.

मी तिला रविवारी ये म्हणणार होतो, ते राहून गेलं. उडीवही आता तिलाच द्यावी. ती आली नाही, किंवा यापुढे कधीच आली नाही, तरी वरच्या वाटणीत काडीचाही फरक करू नये.

स्थळ: माझं घर, जेवणाचं टेबल
ता. ९, सोमवार, सकाळ
(सही)

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची डॉक्टर. आकडे बरोबर म्हणाले होते. (सही)

साक्षीदार दुसरा: पॅकर, पॅराशूट शेड. यांनी शुद्धीत, माझ्यासमोर सही केली, एवढ्यापुरतीच माझी साक्ष आहे. मी माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये. (सही)