शिट्टी, सिगरेट आणि डावा पाय

४ जाने. १९७८
फुटबॉलची मॅच अर्ध्यात सोडली. दुसऱ्या हाफला डावी पोटरी अशी आवळली, की शिट्टी तोंडात धरून मैदानातच बसलो. पब्लिक ओरडलं, "रेफ्रीला उचला!" थांबलं की दुखणं जातं, चाललं की परत. अंगठाही काळसर. बबन, माझा जोडीचा रेफ्री, म्हणाला, "वात असंल. ओढ एक." ओढली.

११ जाने.
फाउंड्रीतून अर्धी रजा, डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन भरपूर निघालं, मी खूष.
"खूष काय होताय? तांबड्या पेशींत प्राणवायूची जागा धुरानं अडवलीय, म्हणून शरीर जास्तीच्या पेशी करतंय. रक्त घट्ट झालंय. वर पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्यात." पावलावर नाडी शोधत राहिले. सापडेना. "सिगरेट ठेवा नाहीतर पाय."
बायको, सुशीला, शेजारीच होती. 

१२ जाने.
पाकीट बंबात घातलं. डोकं भणभणतंय. भाजीवरनं सुशीलावर खेकसलो.
"वरडा की माझ्यावर. पाय राहू दे म्हंजे झालं."

२० जाने.
बबन : "एकीनं काय हुतंय?"
"पाय जातोय माझा, लेका!"
हसला. चहा तसाच टाकून उठलो. रस्ताभर हात खिशाकडंच.

१८ फेब्रु.
रंकाळा तलावाच्या काठानं चालतोय. दुखलं की थांबायचं, मग पुढं. आज न थांबता पार काठावरच्या संध्यामठापर्यंत! अंगठ्याचा काळेपणा उतरतोय. भूक तर विचारू नका.

९ एप्रिल
डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली. मग माझीच बोटं धरून तिथं टेकवली.
"नाडी लागतेय?"
बारीक, पण लागत होती. "लागतीय की!"
रक्ताचा घट्टपणाही उतरलाय. बाहेर येऊन सुशीलाला सांगितलं. ती भर रस्त्यात रडली. मीही.

२१ मे
फायनल. शिट्टी माझ्याकडं!! शेवटापर्यंत पळालो. पेनल्टी दिली तेव्हा निम्म्या स्टेडियमनं आईबहीण काढली. काय गोड वाटलं म्हणून सांगू! पोटरी गप्प.

२ जून
मॅचेसच्या कमिटीनं पुढच्या सीझनला रेफ्री म्हणून नाव मागितलंय. डॉक्टर म्हणाले, "मुख्य रक्तवाहिनी अजून पुरती मोकळी नाही. बाजूच्या बारीक वाहिन्यांतून, आडवाटेनं रक्त येतंय. सिगरेटला शिवला नाहीत तर आशा आहे, पण शब्द देत नाही."
सुशीलाला विचारलं.
"द्या की नाव. बघू."
दिलं.