डाव्या बाजूचा कप्पा

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्का,

पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, आणि तो माझ्या कंबरेत येऊन बसला असं ती म्हणते. तुझे गुडघे कसे आहेत ते खरं लिही. मागच्या पत्रात "बरे" एवढं लिहून मोकळी झालीस.

कागदांबद्दल तू विचारलंस. त्याकडे येतो. आधी इकडचं सांगतो.

दाजींच्या गाडीसाठी हत्यारांचा नवा संच बांधतो आहे. दाजींची लोखंडी पेटी तुला ठाऊकच आहे, दोघांनी उचलायची. तीत काय नव्हतं! "ह्यांच्या पेटीत नीट शोधलं तर माझी सासूही सापडेल," असं तू म्हणायचीस, आणि दाजी म्हणायचे, "मुकादम, हळू बोला, ती ऐकेल." तुला मुकादम म्हणणारा दुसरा कुणी नव्हता. ती पेटी सीटमागची सगळी जागा खाते आणि मला तिथे पाठ टेकायची असते. म्हणून काखेत मारता येईल एवढी जाड कापडाची गुंडाळी करायचं ठरवलं. आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक हत्यार, वरून नाडी. सीटकव्हरवाला शिवून देणार आहे.

थोडक्यात बांधायचं म्हटलं की काय घ्यावं हे चटकन सुचतं, काय सोडावं ते सुचत नाही. लहान पाने घेतले, चौदा-पंधराचा घेतला, सतरा-एकोणीसचा घेतला, त्याहून मोठे सोडले. लहान हातोडी घेतली, मोठी घरी. चपटा आणि फुलीचा, असे दोन पेचकस. तारेचं भेंडोळं, चिकटपट्टी, फ्यूज, होजपाइपच्या क्लिपा, वायरला जोडलेला एक छोटा दिवा, वीज कुठपर्यंत येते ते बघायला. जॅक आणि चाकाचा पाना वेगळे राहतील. प्रत्येक वस्तू बाजूला ठेवताना मनात म्हणतो, ही वाटेत लागू नये. मग ध्यानात आलं की ही प्रार्थनाच झाली. जे बरोबर नेतो ते स्वतःच्या हातांच्या भरवशावर, आणि जे घरी ठेवतो ते वरच्याच्या. गुंडाळी जेवढी लहान, तेवढं त्याच्याकडे मागणं मोठं.

तुझी भावजय दारातून म्हणाली, "पान्यांना अंगडी शिवताय का? पोरीच्या लग्नात एवढं लक्ष घातलं नव्हतंत."

म्हटलं, "पोरीला तोंड होतं, हवं ते मागून घ्यायची. हे बिचारे मुके आहेत."

पक्कड तेवढी मिळत नाही. दोन आणल्या, एकही हाताला बसली नाही. दुकानदार आता मला लांबून बघूनच कपाळाला आठ्या घालतो.

आता कागद. कचेरीतला माणूस सांगतो ते मला समजलं आहे. नवरा परत येणार नाही असं तू सही करून दिलंस, की गाडी तुझ्या नावावर होईल. नाही दिलंस तर मार्चअखेर परवाना संपेल आणि गाडी उभी राहील. तुझी चूल तिच्यावर आहे आणि माझीही. पण "सही कर" हे माझ्या तोंडून यायची वाट बघत असशील, तर ते येणार नाही. स्टिअरिंग माझ्या हातात आहे. माझ्या बोलण्याला त्याचा वास येईल.

तुझी शेजारीण सांगत होती की मागच्या दाराची कडी तू अजून लावत नाहीस. दिवस चांगले नाहीत, अक्का.

तुझा धाकटा


२ मार्च

तीर्थस्वरूप अक्का,

तुझं पत्र आलं. गुडघे दुखतात हे कबूल केलंस, बरं वाटलं. कडीचं उत्तर वाचलं आणि पत्राची घडी घालून ठेवली. "कडी लावली आणि नेमके तेव्हाच आले तर?" असं लिहिलंस.

गुंडाळी शिवून आली. दुहेरी टाके आहेत, काम चोख आहे. घरी आणून हत्यारं भरली, तर अगदी डाव्या टोकाला एक कप्पा रिकामा उरला. सीटकव्हरवाल्याकडे परत गेलो.

"एक कप्पा जास्त शिवलास."

"मालक, खूण केलीत तसा शिवला."

"खूण तू केलीस. मी हत्यारं ठेवली आणि गेलो."

"आता घ्या! माझ्या हातातला खडू घेतलात, उभ्याउभ्या रेघा मारल्यात. मी म्हटलंसुद्धा, मालक डावखुरे आहेत होय! तर हसलात नुसते."

त्याने कापडाचा उरलेला तुकडा काढून दाखवला. रेघा होत्याच. सगळ्या एका बाजूला कललेल्या, डाव्या हाताने ओढल्यावर कलतात तशा. अक्का, मला डाव्या हाताने कुलपात किल्लीसुद्धा फिरवता येत नाही. "असेल बाबा," म्हणालो आणि तुकडा खिशात घालून निघालो.

पाठ टेकायला जागा हवी असं मी मागे लिहिलं, ते अर्धंच खरं. मला ती पेटी उघडायची नव्हती. दाजींची गाडी सापडली तिथे पहिला मी पोचलो होतो, हे तुला माहीत आहे. काय पाहिलं ते मात्र तुला कधी नीट सांगितलं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली. बॉनेट उघडं. खाली फडकं अंथरलेलं आणि त्यावर पाने ओळीने मांडलेले, त्यांच्या डावखुऱ्या पद्धतीने, डावीकडून. चारही बाजूंना उघडा माळ. झाड नाही, खड्डा नाही, बकरी उभी राहिली तरी दिसेल अशी जागा. चपला गाडीच्या पुढच्या चाकापाशी होत्या. धुळीत पावलं फक्त दारापासून बॉनेटपर्यंत येण्याची होती, तिथून जाण्याची नव्हती.

त्या ओळीत एकच हत्यार नव्हतं, पक्कड. मुठीला तू हिरव्या कापडाची पट्टी गुंडाळून दिली होतीस ती.

लोकांनी पुढे पाने गोळा करून पेटीत टाकले आणि मी झाकण लावलं. ते आता या गुंडाळीसाठी उघडलं. नवं घेऊन कुठवर घेणार? चांगली हत्यारं तीतच होती. उघडल्याबरोबर तेलाचा तोच वास आला. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांत सगळं गंजलं असेल. एकावरही डाग नव्हता.

दाजींचा नियम आठवला. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचे नाहीत, पण पुसून परत आलं पाहिजे. एका शेजाऱ्याने चिखलाचा पाना आणून दिला तेव्हा म्हणाले, "हा तू परत दिलेला नाहीस. नुसता आणून टाकलास." तो बिचारा धोतराने पुसत बसला आणि आपण दोघं आत तोंड दाबून हसत होतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मी गुंडाळी उजव्या टोकाकडून गुंडाळतो आणि नाडीला माझी गाठ मारतो. गाडीला कुलूप लावतो, किल्ली कमरेला असते. सकाळी गुंडाळी दुसऱ्या टोकाकडून गुंडाळलेली असते. गाठ उलट्या हाताची. आत लहान पान्यांच्या जागी मोठे, मोठ्यांच्या जागी लहान, आरशात बघावेत तसे. डावा कप्पा रिकामा, पण आतून तेलकट. बोट घातलं की बोटाला तेल लागतं. त्यात मी कधी काही ठेवलेलं नाही.

भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच बांधता आणि विसरता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तुम्ही." मलाही तेच बरं वाटलं.

मग परवा सकाळी ती चहा घेऊन गाडीपाशी आली आणि पायरीवरच थांबली. मी गुंडाळी बांधत होतो.

"अहो," ती म्हणाली, "हात बघा."

नाडी माझ्या डाव्या हातात होती. बोटं सफाईने चालली होती, माझी बोटं अशी कधी चालत नाहीत. मी थांबलो. हात जरा उशिरा थांबला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते.

तुझ्याकडे दाजींची जुनी पत्रं आहेत ना? लिहिता लिहिता त्यांचा हात ओल्या शाईवरून घसरत जायचा आणि ओळींवरून धूर गेल्यासारखं व्हायचं. तू म्हणायचीस, "ह्यांचं पत्र वाचायचं म्हणजे आधी चूल विझवायची." ती पत्रं जपून ठेव. का ते मला नीट सांगता येत नाही.

रोज हात जोडतो. काही मागत नाही, नुसता उभा राहतो.

सहीबद्दल अजून काही बोलत नाही.

तुझा धाकटा


१९ मार्च

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. हे पत्र मीच येऊन तुझ्या हातात द्यायला हवं होतं, पण आठवड्याच्या आत येणं होत नाही आणि हे थांबवून ठेवता येत नाही. आमचं बरं आहे. तू नीट बसून वाच. भावजयीलाही हे वाचून दाखवलेलं नाही.

सोमवारी त्या रस्त्याने भाडं होतं. आजवर मी तो माळ खिडकीच्या काचा वर करून ओलांडत आलो. या वेळी गाडी थांबवली. काही बिघडलं नव्हतं. त्या जागेलाच मला विचारायचं होतं, आणि तुझ्या कागदांचे दिवस संपत आले होते.

भर दुपार. सावली गाडीखाली शिरून बसलेली. वारा नव्हता. दुसरी एक गाडी येताना दिसत होती, बराच वेळ दिसत राहिली, आणि आली नाही. मी चपला काढल्या. का काढल्या कोण जाणे, देवळात शिरल्यासारखं वाटलं. मग त्या चाकापाशी ठेवल्या गेल्या आहेत हे पाहून पटकन परत पायात घातल्या.

बॉनेट उघडलं, फडकं अंथरलं, गुंडाळी सोडली. हात जोडले. डावा हात उजव्यापाशी यायला वेळ लागला.

मोठ्याने म्हटलं, "दाजी, अक्काला काय सांगू?"

काही झालं नाही. इंजिन निवताना टिकटिक करतं तेवढा आवाज. मला स्वतःची लाज वाटली. पन्नाशीला आलेला माणूस, रस्त्यात उभा राहून मोकळ्या माळाशी बोलतोय. फडकं उचलायला वाकलो, तर डावा हात आलाच नाही. तो कप्प्याकडे गेला होता. त्या रिकाम्या कप्प्याकडे. न बघता आत शिरला आणि पक्कड घेऊन बाहेर आला.

हिरवी पट्टी, अक्का. मूठ गरम होती, उन्हाने तापते तशी नव्हे, कुणाच्या हातात असल्यासारखी.

पुढचं मी केलं नाही, मी बघितलं. हात इंजिनच्या मागच्या बाजूला गेला, जिथे मी कधी हात घालत नाही. तिथे एक तार अर्धी पिळून सोडलेली होती. इतके दिवस गाडी अर्ध्या पिळावर चालत होती आणि कुठल्याही मिस्त्रीला ते दिसलं नव्हतं. पकडीने तो पीळ पूर्ण केला. दोन वेढे, टोक आत वळवलेलं, त्यांच्यासारखं. मग हात खाली आला, फडक्याचा कोपरा धरला आणि पक्कड पुसली. तोंड पुसलं, मूठ पुसली, मधला खिळासुद्धा पुसला. कप्प्यात ठेवली. आणि हात गळाला. माझा झाला, जड आणि अडाणी.

मी तिथेच खाली बसलो. भीती वाटली नाही म्हणणार नाही. पण रडू आलं ते भीतीचं नव्हतं.

ते कुठे गेले, कसे गेले, मला माहीत नाही, आणि यापुढे विचारणारही नाही. एवढं कळलं की काम राहिलं होतं आणि हत्यार परत करायचं होतं. ते आता पुसून परत आलं आहे.

घरी आल्यापासून गुंडाळीची गाठ सकाळीही माझीच असते. कप्पा आतून कोरडा आहे. भावजय पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून भांडायला लागली आहे. मला वाटलं, संपलं.

पकडीची पट्टी या पत्रासोबत ठेवली आहे. गाठ न सोडता कापून काढली, तुझीच आहे का बघ. बघायची गरज नाही म्हणा.

सही कर, अक्का. माझ्या तोंडून हे यायचं नाही असं मी लिहिलं होतं. ते माझ्या तोंडून येतही नाही. शाई फासली गेली आहे, मघापासून बघतोय. ओळींवर सगळा धूर झाला आहे आणि तळहाताची कड काळी पडली आहे. पेन केव्हा डाव्या हातात गेलं ते कळलं नाही. काढून घेता येईल, आता जोर नाही त्या हातात. पण काढत नाही. एवढं एक पत्र पुरं होऊ दे.

मुकादम, गुडघ्यांना शेक देत जा. गाडी तुमच्या नावावर करून घ्या, तुमच्या धाकट्याला चालवू द्या, तो ब्रेक जरा उशिरा मारतो पण मनाने नीट आहे. आणि आज रात्रीपासून कडी लावा. बाहेर आता कुणी राहिलेलं नाही.

खाली नाव घालत नाही. अक्षर तुमच्या ओळखीचं आहे.