चाकणच्या झेंड्यावरचा कांदा

चाकण, मार्गशीर्ष, सन १९५६

वडीलबंधूंसमान मालोजीराव मेहुणे यांस,

उद्धवचा टोपी काढून साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला आता हटला असेल. यशोदा रोज काळजी करते आणि पत्र मात्र मलाच लिहायला लावते.

आमच्या तात्याबा सरपंचांनी मनावर घेतलं की चाकणचं आज ना उद्या शहर होणार, तर शहराचा झेंडा आधीच तयार असावा. शाळेत चित्रकला शिकवणारा मी एकटाच (पोरं शिकतात असं माझं म्हणणं नाही), म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. त्या दिवसांत मी जेवतानाही गंभीर असे. शेवटी पांढऱ्या कापडावर खाली किल्ल्याचा बुरूज काढला, म्हणजे शौर्य. त्यावर कांदा, म्हणजे समृद्धी. आणि सर्वांत वर दातेरी चक्र, म्हणजे उद्याचे कारखाने (पिंपरीला आलेच आहेत, वाट चुकून इकडेही येतील). बाजारतळावर झेंडा चढवताना मी या अर्थावर लांबलचक भाषण केलं. टाळ्या पडल्या. त्या भाषण संपल्याबद्दल होत्या, हे यशोदेने घरी सांगितलं.

मग बाजारचा दिवस उजाडला. महाळुंग्याचा एक गाडीवान बैल सोडून थेट झेंड्याखाली बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, भजी कवा निघत्यात?"

मी विचारलं, कसली भजी? त्याने वर बोट केलं. "ही चूल, ह्यो कांदा. अन् वर चकली हाय की!"

मालोजीराव, मी मान वर केली आणि मलाही चूलच दिसली. तेव्हापासून बुरूज दिसायचा बंदच झालाय. दुपारपर्यंत तिथे इतके भुकेले जमले, की शेजारी भाजी विकत बसणाऱ्या गवराबाईने घरून कढई आणून खरोखरीच घाणा टाकला.

मी शरमेने तात्याबांकडे गेलो. म्हटलं, झेंडा उतरवतो.

"उतरवू नगा, मास्तर," ते म्हणाले. "एकट्या बाईचं पोट लागलंय त्याला. शहर व्हईल तवा बघू."

परतताना मी तिच्याकडची भजी खाल्ली. माझ्या भाषणापेक्षा पुष्कळच खुसखुशीत होती. चित्रकलेला मी कायमचा रामराम ठोकला आहे.

आपला,
उद्धव

ता. क. महाळुंगेकरांनाही झेंडा हवाय. मी नाहीच म्हणत होतो, पण आग्रह फार झाला. तुमचं जुनं रेशमी उपरणं पाठवाल का?

ता. क. (हे शाळेत गेलेत, म्हणून मी यशोदा लिहिते.) दादा, उपरणं नको. "ताबडतोब या" अशी तार ठोका आणि ह्यांना महिनाभर तिकडेच ठेवून घ्या. काल माझ्या लग्नातला शालू हातांनी मोजत होते.