'वाढले' म्हणजे 'संपले'

प्रति,
मा. हरकत निवारण अधिकारी,
भारग्रस्त वस्ती नकाशा कक्ष,
ठाणे.

अर्जदार : काळुराम दगडू भोईर, वय ५४, प्रयोगशाळा सहायक (माध्यमिक शाळा), राहणार खारआळी पाडा, कोपर, डोंबिवली पश्चिम.

विषय : माझ्या आईने 'वाढले' म्हणून सांगितलेले सर्व 'संपले' असे वाचून आमचा पाडा नकाशावर हिरव्याचा लाल करण्याबाबत.

संदर्भ : १) वस्ती पाहणी, दि. ११ फेब्रुवारी २०२५.
२) प्रारूप नकाशा, दि. १ सप्टेंबर २०२५.
३) सुनावणी, दि. १४ ऑक्टोबर २०२५, व हरकत फेटाळल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. या विषयावर मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिला अर्ज आपल्या कार्यालयाने 'मोघम' ठरवला, म्हणून या वेळी सगळे सविस्तर मांडतो. लांबण लागल्यास क्षमा असावी.

२. कारखान्यांची घाण आणि गरिबी यांचा भार कोणत्या वस्तीवर किती, हे दाखवणारा नकाशा आपला कक्ष तयार करीत आहे. भार जास्त तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, नाही तिथे हिरवा. लाल वस्तीला नळाचे पाणी आणि दर आठवड्याला दवाखान्याची गाडी मिळणार आहे. आमच्या खारआळीत एकोणतीस घरे आहेत. घरांच्या मागून कारखान्यांचा नाला जातो आणि खाडीला मिळतो. त्याचा रंग रोज वेगळा असतो. प्रयोगशाळेत तीस वर्षे काढूनही त्यातले दोन रंग मला आजवर ओळखता आलेले नाहीत. तरीही नकाशावर आमचा पाडा हिरवा आहे. घोडबंदर रोडवरच्या बागबगीच्यांच्या टॉवरांना जो हिरवा दिला आहे, तोच आम्हाला. मी शाळेतले भिंग लावून दोन्ही हिरवे ताडून पाहिले.

३. असे का झाले, ते माहिती अधिकारात माहितीपत्रक मिळाल्यावर कळले. 'दहा वर्षांतील बदल' हा भाग प्रत्येक पाड्यातल्या सर्वांत जुन्या रहिवाशाला विचारून भरायचा होता. आमच्याकडे ती माझी आई, श्रीमती आवडाबाई दगडू भोईर, वय ७७. प्रत्येक प्रश्नाला उत्तरे तीनच : 'कमी झाले', 'तेवढेच', 'वाढले'. आईने जवळजवळ सगळीकडे 'वाढले' असे सांगितले, आणि तेच नोंदले गेले.

४. महोदय, आपण मराठी आहात, म्हणून फार फोड करीत नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करीत नाही, वाढवतो. बाईच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. आमची घरे पिढ्यान्पिढ्या मिठागरावर राबलेली. मीठ पिकवणाऱ्याच्या घरात 'मीठ संपले' असे कोणी म्हणत नाही, आणि माझ्या आईने ही चाल मिठापुरती ठेवलेली नाही. तेल, तांदूळ, औषधाची बाटली, घासलेटच्या जमान्यात घासलेट, सगळे तिच्या तोंडी वाढतेच. 'संपले' हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलेला नव्हता.

५. आता माहितीपत्रक पाहावे. पिण्याच्या पाण्याबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, बाव वाढली. आमच्या विहिरीला सहा वर्षांपूर्वी तवंग आला आणि ती पत्रा टाकून बंद करावी लागली. आपली नोंद : पाण्याची उपलब्धता वाढली. चिंबोऱ्या, निवट्या वाढल्या. नोंद : मासळी वाढली. मिठागर वाढले, नोंद : पारंपरिक व्यवसायात वाढ. पाहणीसाठी आलेल्या मुलीपुढे तिने कोरा चहा ठेवला आणि दूध वाढलंय म्हणून दिलगिरी व्यक्त केली. 'आहार' या सदरात दूध वाढल्याची नोंद आहे.

६. 'दागिने' या सदराबद्दलही लिहिणे भाग आहे. माझा धाकटा भाऊ धनेश एका कारखान्यात कंत्राटावर टाक्या धुवायचा. कारखान्याचे नाव येथे लिहीत नाही, तो वेगळा अर्ज आहे. दोन वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, फुफ्फुसाच्या दुखण्याने तो वारला. त्याची बायको विनिता हिच्या बांगड्यांविषयी आईने सांगितले की त्या वाढल्या. नोंद : दागिन्यांत वाढ. घरात कमावते किती, या प्रश्नावर तिने माझे नाव सांगितले आणि धनेश लांब गेलाय, एवढे म्हणाली. नोंद : परगावी असलेला कमावता सदस्य, एक.

७. पाहणी करणाऱ्या कु. सुमेधा यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी त्यांना भेटलो. त्यांची आजीही बांगडी वाढली असेच म्हणते, हे त्यांनी कबूल केले. विनिताच्या मोकळ्या मनगटांकडे पाहून त्या थांबल्या होत्या. पण उत्तर देणाऱ्याचा शब्द बदलू नये अशी त्यांना ताकीद होती, आणि तीनपैकी एक उत्तर दाबल्याशिवाय हातातले नोंदीचे यंत्र पुढे सरकत नव्हते. मला सांगताना त्या रडल्या. मुलगी भली आहे, तिच्या नोकरीला धक्का लागू नये.

८. उत्तर फक्त उत्तर देणाऱ्यानेच सुनावणीत येऊन दुरुस्त करायचे, असा नियम आधीच कळवण्यात आला होता. म्हणून महिनाभर मी 'संपले' हा शब्द आईकडून घोकून घ्यायचा प्रयत्न केला. शाळेत मुलांना पाढे घोकायला लावतात तसे मी म्हणायचो आणि ती ओठ मिटून ऐकायची. मला वाटले, वेळ आली की म्हणेल. आपण तिला खुर्ची दिलीत, पाणी दिलेत, 'आजी, घाबरू नका' म्हणालात, याची मला जाण आहे. आपण विचारलेत, विहिरीचे नक्की काय झाले? ती म्हणाली, "वाढली, सायेब." आपण पुन्हा समजावलेत. तेव्हा ती जे म्हणाली ते इतिवृत्तात आलेले नाही, म्हणून येथे लिहितो : "तो सबूद मी बोलनार नाय, सायेब. एकदा बोलला का मंग काय परत येत नाय." इतिवृत्तात एवढेच आहे : 'उत्तरदात्याने मूळ उत्तर कायम ठेवले.' परतताना रिक्षात मी तिच्यावर चिडलो. त्याची मला लाज वाटते.

९. धनेशची मुलगी समृद्धी सात वर्षांची आहे. तिला दम लागतो. नाल्याला वास जास्त असला की जास्त लागतो. दि. २८ ऑक्टोबरला सकाळी तिचे ओठ निळे पडले. शेजारची वस्ती लाल आहे आणि त्या दिवशी तिथे गाडी आली होती. विनिता मुलीला कडेवर घेऊन धावत गेली. आई मागून अनवाणी गेली. परिचारिकेने यादी पाहिली, यादीत आमचा पाडा नाही. तरी त्या बाईने मुलीला वाफेच्या यंत्रावर घेतले आणि नोंद लाल वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलीच्या नावे केली. पुढच्या वेळी असे जमणार नाही, हेही हात जोडून सांगितले. म्हणजे आपल्या दप्तरी त्या दिवशी समृद्धीला दम लागलाच नाही. मी कामावर होतो. हे सर्व मला विनिताने सांगितले.

१०. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आंघोळ केली. विनिताला आणि समृद्धीला शेजारी पाठवले. देव्हाऱ्याचे दार लावले. मग मिठाची बरणी पदराखाली घेऊन तीही शेजारी ठेवून आली, कारण मिठासमोर तो शब्द बोलायचा नव्हता. मला म्हणाली, "लिही." तिने सांगितले ते असे, माझी त्यात भर नाही :

"बाव संपली. मीठ संपला. चिंबोरी संपली. धनेश संपला. पोरीला गाडी द्या."

मी लिहिले. तिने अंगठा दिला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. एक नाही, बऱ्याच भरल्या. महिनाभर मी ज्या शब्दासाठी तिच्या मागे लागलो होतो तो मिळाला, आणि खरे सांगतो, तो ऐकला नसता तर बरे झाले असते. माझ्या भावाला जाऊन दोन वर्षे झाली. आमच्या घरात तो त्या सकाळी गेला.

११. तरी विनंती की, दि. १७ नोव्हेंबरला अंतिम नकाशा छापण्यापूर्वी वरील नोंदी दुरुस्त करून आमचा पाडा लाल करावा. लाल होण्यात आम्हाला भूषण नाही. दुसरे, पुढच्या पाहणीच्या यंत्रात 'संपले' असे चौथे उत्तर ठेवावे. पण ते उत्तर देणाऱ्याकडून वदवून घेऊ नये, पत्रा टाकलेली विहीर आणि मोकळी मनगटे पाहून भरावे. हे जमणारे नसेल, तर निदान गाडीच्या यादीत एका मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने घालावे.

आपला नम्र अर्जदार आणि आवडाबाईंचा मुलगा,
(सही)
काळुराम दगडू भोईर

दि. ४ नोव्हेंबर २०२५
डोंबिवली पश्चिम

सोबत :
१) माहितीपत्रकाची प्रत, चुकीच्या नोंदींखाली रेघा मारून.
२) धनेश दगडू भोईर यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३) बंद विहिरीचे छायाचित्र.
४) श्रीमती आवडाबाई यांचे निवेदन, डाव्या हाताच्या अंगठ्यासह, पान एक.

टीप : अंगठा देणाऱ्यास निवेदन मोठ्याने वाचून दाखवून 'ऐकले, बरोबर आहे' असा शेरा घेण्याचा नियम आहे, हे मी जाणतो. पडताळणीसाठी आपला माणूस घरी आल्यास त्याने अनुक्रमांक ४ फक्त मनात वाचावे. मिठाची बरणी आता घरात परत आणली आहे.