यादीतून आतेला काढताना

प्रिय आते,

तू गेलीस तेव्हा सगळे रडले, मी नाही. आल्यागेल्याचा चहा करत राहिले. आणि आज सकाळी भर मीटिंगमध्ये स्क्रीनवर तुझं नाव आलं नि मला आवरेना! म्हणून लिहायला बसलेय.

घरून काम करायचं ठरलं तशी मी रत्नागिरीला तुझ्याकडेच आले. मासेवालीने विचारलं, "मनू दिवसभर करते तरी काय?" तर तू म्हणालीस, "कंपन्यांचा माल दूर कुठेतरी ठेवलेला असतो गो. बागेला ठेवतो तशी त्याला राखण ठेवतात. त्या राखणदाराला समोर काय दिसावं, ते आमची मनू ठरवते." क्लाउड सिक्युरिटी हा शब्द मात्र तू शेवटपर्यंत तोंडात घेतला नाहीस!

नवीन स्क्रीन आखून झाला की मी लॅपटॉप घेऊन तुझ्यापुढे हजर. तू फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. "हात चिकट आहेत, तूच दाब." लाल चौकट दिसली की तुझं डोकं फिरायचं. "मेला ओरडतो कशाला? काय चुकलं ते सांग म्हणावं!" मग मी ती चौकट बदलायची. शेवटी तुझ्या नावाने सरावाचं एक खातंच उघडून दिलं. ऑफिसात सगळे तुला ओळखायला लागले.

पण एक बोलणारच. माझ्या प्रत्येक कामात खोड काढणारी तू, छातीत दुखतंय हे का नाही सांगितलंस? "गॅस झालाय गो" म्हणत राहिलीस. फार राग येतो तुझा, आते!

तर आजचं सांगते. अधूनमधून आम्ही सगळी खाती तपासतो. ज्याचं काम उरलं नाही त्याचं खातं बंद, नाहीतर चोराला आयतं दार मिळतं. तुझ्या नावापुढे आलं, 'बरेच दिवस आलेल्या नाहीत. काढायचं?' बंगळूरचा सहकारी हळूच म्हणाला, "राहू दे, नंतर बघू." मलाही तेच हवं होतं! पण हा नियम सगळ्यांना मीच पढवते ना? दाबलं बटण. झटक्यात झालं. ते इतकं सोपं मीच करून ठेवलंय.

आणि लगेच पुढचा प्रश्न आला, 'यांच्या जागी कोणाला घ्यायचं?'

तोही माझाच! केवढा मिरवला होता मी तो, लोकांचा वेळ वाचतो म्हणून. लॅपटॉप मिटला नि पडवीत जाऊन हुंदके देत रडले. तुझ्या जागी कोणाला घेऊ गं मी?

उद्या तो प्रश्न मी काढून टाकायला लावणार आहे. वरचे साहेब कारण विचारतील, वाद घालतील. घालू देत, मीही काही कमी बोलत नाही. शब्द देते तुला, आते. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय, त्याला माझा स्क्रीन पुन्हा असं विचारणार नाही.

तुझीच,
मनू