तुमच्या खुर्चीखालची कुत्री

मॅडम, आपली कुत्री शनिवारी गेली. सांगायला इथे माणसं आहेत, पण तिला ‘आपली’ म्हणावं असं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणून, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तुम्हालाच लिहितेय.

भाईंदर पूर्वेच्या या दुसऱ्या मजल्यावर, मुलांना बोलतं करायच्या आपल्या खोलीत तुम्ही तिला आणलीत, तेव्हा ती टॉवेलात मावत होती. न बोलणारी मुलं कुत्र्याजवळ बसली की काय होतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय, तुम्ही माझ्या गाईड, आणि पिल्लू तुमची भेट. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच आडवे आले, “मॅडम, कुत्ता अलाउड नहीं है.” तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, “कुत्ता कहाँ है? ये तो स्टाफ है.” मी फिदीफिदी हसले आणि त्याच आठवड्यात माझी खरडपट्टी निघाली. ‘मूल रडल्यावर कुत्रीला वाईट वाटलं’, असं मी निरीक्षणात लिहिलं होतं. “वाईट वाटलेलं तुला दिसलं का गं? ती उठली, मुलाजवळ जाऊन बसली, एवढंच दिसलं ना? मग तेवढंच लिही. तुझ्या मनातलं तिच्या नावावर खपवू नकोस.” मला राग आला होता. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की घरीदारीही मी तशीच बोलायला लागले.

चौक गावाहून बसने एक मुलगी येते. सहा वर्षांची. आजपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. जे काही बोलायची ते कुत्रीच्या कानात. आज ती यायच्या आधीपासून मला एकच धास्ती होती. आता हिचं तेवढंही बोलणं बंद पडलं तर? ‘झोपली’ म्हणायचं नाही, मग मूल झोपायला घाबरतं, हे तुम्हीच शिकवलेलं. तिच्यासमोर सतरंजीवर बसून मी सरळ सांगितलं, “ती मेली. खूप म्हातारी झाली होती.” कुत्री जिथे पडून असायची, त्या तुमच्या खुर्चीखाली तिने वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

“म्हंजे आता न्हाय येनार?”

“नाही.”

“तू रडली?”

मॅडम, ती माझ्याशी बोलली. आणि ते ऐकायला तुम्ही नाही, कुत्रीही नाही. मी “हो” म्हणाले आणि त्या मुलीसमोरच रडायला लागले. ती सरकत सरकत आली आणि मला टेकून बसली.

तुम्ही गेलात तेव्हा कुत्री तुमच्या खुर्चीखालून उठेना. मी नियम पाळला. ‘खुर्चीखाली पडून. हाकेला उठली नाही. जेवण निम्मं.’ दुःखाचा शब्द लिहिला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. त्या दिवसांत माझाही डबा निम्माच घरी परत जायचा. ते मी कुठेच लिहिलं नाही.