दोन देव आणि वरचा मजला

३१ ऑक्टोबर

नाही म्हणाली! आईने फोनवर सरळ नाही म्हणून टाकलं. "फरोगचा मुलगा? त्यापेक्षा नदीत उडी घे—" पुढचं मी ऐकलंच नाही. ठेवला फोन.

खेमराजमध्ये खोट काढायला जागा नाही हे तिलाही कबूल आहे. कमावता आहे, दारू पीत नाही, आम्ही दोघं कामाला आहोत त्या लॉजचं अख्खं स्वयंपाकघर सांभाळतो. दिल्लीचे पाहुणे बोटं चाटत उठतात. दोष एकच — तो फरोगचा आणि मी दलिंग्याची. आणि आमच्या नागदेवाची नि त्यांच्या ऋषीदेवाची बोलचाल बंद! मी शाळेत होते तेव्हा कुल्लूच्या दसऱ्याहून परतताना दोन्ही पालख्या लाकडी पुलापाशी एकदमच पोचल्या. आधी कोण जाणार? कोणीच हटेना. दिवसभर ढोल बडवले आणि संध्याकाळी दोघेही देव पूल सोडून नदीतून गेले! तेव्हापासून दोन्ही गावांत मुलगी देणं-घेणं नाही, लग्नाला जाणं नाही, मयताला जाणं नाही.

रुसले देव, आणि बिनलग्नाची राहणार मी.

पुन्हा फोन लावला. विचारलं, "आणि देवांचं मिटलं तर?" आई म्हणाली, "मिटू दे. दुसऱ्या दिवशी होकार देते." म्हणजे कधीच नाही.

१ नोव्हेंबर

दिवसभर पाऊस, वरच्या डोंगरधारेवर बर्फ. मॅनेजर बत्रा साहेब खूश. पाहुण्यांना बर्फ लागतं. पण पाहुणा आहे एकच — मौनवाल्या बाई. गुडगावहून दहा दिवस गप्प बसायला आल्यात. घरी गप्प बसता येत नाही का? गळ्यात छोटी पाटी अडकवलेली असते, तिच्यावर खडूने लिहितात. आज लिहिलं, "शांतता. अहाहा!"

२ नोव्हेंबर

हसून हसून लिहिता येत नाहीये!

पुलापलीकडे दरड कोसळली, रस्ता बंद. आणि दुपारी ढोल ऐकू आले. दसऱ्याहून घरी निघालेले आमचे नागदेव, सोबत पंचवीस-तीस माणसं, सगळे चिंब. आणि त्यांच्या मागोमाग ऋषीदेव, तीही माणसं चिंब. एवढ्या जणांना छप्पर मिळेल असं खोऱ्यात एकच ठिकाण — आमचं लॉज.

बत्रा साहेब मला म्हणाले, "जागा नाही म्हणून सांग."

"साहेब, देवाला? तुम्हीच सांगा की."

गेले बिचारे दारात. नागदेवाची पालखी त्यांच्यासमोर अशी झुकली की साहेब दोन पावलं मागे सरले. तरी नेट धरून म्हणाले, "ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत घेता येत नाही." पालखीपुढे जोगूकाका होते. माझे सख्खे काका, नागदेव त्यांच्याच अंगात येतो. ते ओरडले, "देवाकडे ओळखपत्र मागतोस? आधी तुझं दाखव!"

आणि साहेबांनी दाखवलं!

मग पुन्हा तेच. दारातून आधी कोण? पावसात सगळे उभे. ऋषीदेवाचा कारभार बघणारे झाबेराम, म्हणजे खेमराजचे मामा, म्हणाले, "आमचा देव कुणाच्या पाठीमागून आत जात नसतो." काका म्हणाले, "मग उभा राहू दे." शेवटी खेमराजने पाना आणला आणि काचेच्या दाराच्या दोन्ही झडपा काढून भिंतीला लावल्या. दोन्ही पालख्या खांद्याला खांदा लावून एकदम आत. गालिच्यावर चिखल अर्धा नागाचा, अर्धा ऋषीचा.

मौनवाल्या बाई जिन्यात उभ्या होत्या. पाटीवर काहीच लिहिलं नाही. खडू खाली पडला होता.

३ नोव्हेंबर

देवाच्या डोक्यावर कोणी झोपायचं नसतं. म्हणजे वरचा मजला देवांचा. बाईंना खाली हलवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "का?" मी म्हटलं, "वर देव उतरलेत." त्यांनी खूप वेळ माझ्याकडे बघितलं.

वर दोन मोठ्या खोल्या आहेत. नागदेवाच्या खोलीत न्हाणीचा टब, ऋषीदेवाच्या खोलीला सज्जा. झाबेराम मामा थेट बत्रा साहेबांकडे. "त्यांच्या देवाला टब आणि आमचा देव बिनटबाचा?" साहेब म्हणाले, "पण तुम्हाला सज्जा आहे ना! खोरं दिसतं!" मामा म्हणाले, "ते खोरं आमचंच आहे. रोज बघतो." शेवटी लॉबीत फुलं तरंगत ठेवायचा पितळी हंडा चौघांनी उचलून वर नेला. मग आमची माणसं आली — त्यांना हंडा, मग आम्हाला का नाही? मी डोक्याला हात लावला.

वर कातडं चालत नाही. देव ज्या घरात, तिथे कातड्याची वस्तू नको. साहेबांचे ते इटलीचे सोफे, ज्यांच्यावर आम्हाला बसायची मनाई, ते बाहेर पावसात गेले. मग बूट गेले. मग पट्टे! साहेब आता एका हाताने पँट धरून फिरतात. हात जोडायचे झाले की पंचाईत.

४ नोव्हेंबर

पहाटेच ढोल. कोणाचे आधी वाजले यावर न्याहारीपर्यंत भांडण. मौनवाल्या बाईंनी पाटीवर नुसतं एक मोठं उद्गारचिन्ह काढलं.

५ नोव्हेंबर

आमची माणसं फरोगच्या हातचं खात नाहीत. आणि चुलीपाशी कोण? खेमराज! जोगूकाका मला म्हणाले, "हिरामणी, तू कर आमचा स्वयंपाक." मी? मला चहा धड येत नाही. गेल्या वर्षी केलेला भात खेमराजने चमच्याने न काढता सुरीने कापला होता.

मग असं केलं. सगळं रांधलं खेमराजने, दार लावून. अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले सिड्डू, राजमा, लाल भात, वर तूप. मी फक्त ताटं बाहेर नेली. निघताना त्याने माझ्या नाकाला पीठ फासलं. म्हणाला, "पुरावा!"

काका पाचवा सिड्डू खाता खाता म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला अगदी तुझ्या आजीची चव! ज्या घरी जाशील त्या घराचं नशीब!" मी मान खाली घातली. लाजले असं त्यांना वाटलं. हसू दाबत होते.

आत आले तर खेमराज भांडी पुसत होता. काकांचं बोलणं त्याने ऐकलं होतं. म्हणाला, "ऐकलंस? माझं सासर खूश आहे माझ्यावर." मला याच्याशीच लग्न करायचंय. दुसऱ्या कुणाशी नाही. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

६ नोव्हेंबर

दरड परवापर्यंत हटणार. सगळे खूश, मग एकदम सगळे गंभीर. कारण रस्ता त्याच पुलावरून! पूल अरुंद, पालखी एका वेळी एकच जाईल. दारासारखा पूल काही उचकटून ठेवता येत नाही. आणि नदी अशी फुगलीय की यंदा पाण्यातून जायचं नाव नको.

काकांनी जाहीर केलं, नागदेव आधी जाणार, नाहीतर जाणार नाही. तासाभरात वरून मामांचंही तेच.

बत्रा साहेब माझ्याकडे आले. "म्हणजे हे लोक इथेच राहणार?"

"हो साहेब."

"कुठपर्यंत?"

"नदी उतरेपर्यंत. बर्फ वितळून, पाणी ओसरून... पुढचा दसरा तरी येईल."

साहेब बसायला गेले. सोफा बाहेर आहे हे विसरले. खालीच बसले. तिथूनच म्हणाले, "हिरामणी, काहीतरी कर. तू म्हणशील ते देतो." मी म्हटलं, लग्नाला सुट्टी द्याल? म्हणाले, "लग्नाचं जेवण लॉजकडून!"

तांदळाच्या कोठीत खेमराज आणि मी बराच वेळ बसलो. तो म्हणाला, "आधी जाणारा मोठा, हेच खरं दुखणं आहे." मी म्हटलं, "आणि आधी जाणारा धाकटा असला तर?" मी त्याला समजावलं. आपल्या घरी काय करतो? थोरला पाठीशी थांबतो, आधी धाकट्याला पलीकडे जाऊ देतो. मग पुढे जाण्याचा मान एकाला, थोरलेपणाचा मान दुसऱ्याला! कोणीच हरलं नाही! खेमराजने मला उचलून गरागरा फिरवलं. तांदूळ सांडले.

मी हुशार आहे. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून मीच लिहिते.

७ नोव्हेंबर

काकांना सकाळी चहा दिला (खेमराजचा). सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आपला नागदेव ऋषीदेवाहून थोरला ना?"

"हे काय विचारणं झालं? केव्हाही थोरला!"

"मग थोरल्याने धाकट्याशी आधी-नंतरवरून भांडायचं? लोक काय म्हणतील?"

काकांनी कप खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला. "थोरल्याने मन मोठं करावं," असं स्वतःशीच म्हणाले. मी तिथून पळालेच.

तिकडे खेमराज मामांच्या मागे लागला होता. मामा हट्टी. "आमचा देव धाकटा? जमणार नाही." खेमराज म्हणाला, "पण मामा, पुलावर आधी कोण? आपण! सगळं खोरं बघेल." मामांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "पण धाकटा म्हणजे फार धाकटा नाही हं. एखाद्या वर्षाने."

दोन्हीकडे देवाला विचारायचं ठरलं. देवाने नाही म्हटलं तर?

८ नोव्हेंबर

झालं! झालं! झालं!

सकाळी सगळे पुलापाशी. ढोल, रणशिंगं, धूर. जोगूकाकांच्या अंगात नागदेव आला. केस मोकळे, सगळं अंग थरथरतंय. आवाज त्यांचा नव्हताच. "हा कोण उभा आहे माझ्यासमोर? हा माझा धाकटा भाऊ! एवढी वर्षं मी याला ओळखलं नाही. जा बाळा, आधी तू जा!"

मग ऋषीदेवाच्या अंगात येणारे म्हातारबाबा थरथरले आणि असे ओरडले की माझ्या अंगावर काटा आला. "दादा!"

दोन्ही पालख्या एकमेकींकडे झुकल्या, डोक्याला डोकं लागलं, वर बसवलेले देवांचे सोन्याचे मुखवटे किणकिणले. माणसं ढसाढसा रडायला लागली. झाबेराम मामा काकांच्या गळ्यात! मीही रडले. खेमराज समोरून बघत होता. त्यालाही आवरत नव्हतं. सांगेल कांदा चिरत होतो म्हणून, तिथे पुलावर!

पण देव ते देवच. नाग म्हणाला, आधी तू. तर ऋषी म्हणाला, "थोरल्याच्या आधी धाकटा पाऊल कसं टाकेल? आधी आपण, दादा!" "नाही, तू!" "नाही, आपण!" ऋषीची पालखी मागे सरकली, नागाची तिच्याही मागे. दोघे मागे मागे सरकत पार लॉजच्या फाटकापर्यंत आले! बत्रा साहेब पँट धरून फाटकात आडवे उभे राहिले. "आत नाही! कृपा करा, आत नाही!"

आणि मौनवाल्या बाईंनी पाटी काढून आपटली आणि ओरडल्या, "जा ना आता कोणीतरी!"

सात दिवसांत पहिला शब्द. सगळे गार. जोगूकाकांनी मला हळूच विचारलं, "या बाईंच्या अंगात कोण आलं?" कोणाला ठाऊक नव्हतं. कोणातरी देवीची आज्ञा म्हणून ऋषीदेव मुकाट्याने पुलावरून गेले, मागून नागदेव गेले. मग पलीकडच्या तीरावर दोन्ही गावं मिळून नाचली. बाईही नाचल्या. लोक त्यांच्या पाया पडत होते, त्या पडू देत होत्या.

सोफे आत आले. फुगलेत. साहेबांनी पट्टा लावला आणि आरशात स्वतःला बघून हसले.

आईचा फोन लागत नाहीये. लागला की आधी हेच विचारणार — काय म्हणाली होतीस? मिटलं! आता बोल! खेमराजने घरी निरोप धाडलाय. त्याची आई उद्या सकाळी स्वतः येतेय, मला बघायला. आजवर मला रस्त्यात बघून तोंड फिरवायची ती. नेसायला नवा लोकरी पट्टू काढून ठेवलाय, लाल काठाचा. झोप कसली येतेय!

९ नोव्हेंबर

खेमराजची आई आली. मी वाकायच्या आतच तिने मला छातीशी धरलं. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाली, "देव भाऊ झाले, म्हणजे गावं भाऊ झाली. आता दोन्ही गावची लेकरं एका घरची! मला मुलगी नव्हती गं पोरी, देवाने दिली. येत्या भाऊबीजेला खेमराजला ओवाळायला ये. ओवाळणीत दुभती गाय देते!"